धुराची लांबी

१

काळ्या चौकोनात चार कण फिके होते.

उर्वशीने पडद्यावरचं चित्र मोठं केलं, मग आणखी मोठं केलं. उपग्रहाच्या या चित्रातला एक कण म्हणजे जमिनीवरची दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जागा. तुळसाबाईच्या शेताचे बाकी सगळे कण कोळशासारखे काळे पडले होते. पण उत्तरेच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, वीस मीटरचा एक तुकडा मातीच्या रंगाचाच राहिला होता. आग त्याच्या चारही अंगांनी गेली होती, आत मात्र शिरली नव्हती.

आग अशी चौकोनी जागा आपणहून सोडत नाही. कुणीतरी ती राखावी लागते.

यवतमाळच्या एका संशोधन केंद्रात उर्वशी कंत्राटी नोकरीला होती. जिल्ह्यावरून वाहणारा धूर आणि धूळ उपग्रहाच्या चित्रांत हुडकायची, कुठून उठली आणि कुठे गेली ते नकाशावर मांडायचं, हे तिचं काम. साल २०१८. बोंडअळीने कापूस खाल्ला होता. कपाशीच्या वाळलेल्या झाडांत, म्हणजे पऱ्हाटीत, अळी दडून राहू नये म्हणून गावोगावी ती उपटून जाळायला सांगितलं होतं. त्या मार्चमध्ये जिल्ह्याच्या आभाळात धूर नाही असा दिवस नव्हता.

नेरपासून आत, बोरधऱ्याला, सहा तारखेच्या मंगळवारी तुळसाबाईने पऱ्हाटी जाळली. त्याच सकाळी तिच्या शेतापासून दोनशे मीटरवरचं जिनिंगचं जुनं गोदामही जळालं. कृषी कार्यालयाने जप्त केलेली, कपाशीच्या बेकायदा बियाण्याची चाळीस पोती त्यात सील करून ठेवली होती. ती वाचवायला चौकीदार खेमसिंग आत शिरला. शनिवारी तो दवाखान्यात वारला.

बुधवारी संध्याकाळी बोरधऱ्याचा कृषी सहायक अंकुर स्वतः केंद्रात आला होता. "मॅडम, एकच कागद पाहिजे. आग कुठून सुटली, तेवढं लिहा." उर्वशीने दुपारी दीडच्या उपग्रहाने टिपलेला आगीचा लाल ठिपका पाहिला. ठिपका तुळसाबाईच्या शेतात होता. तिने चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

त्या सकाळचं बारकाईचं चित्र गुरुवारी आलं. त्यात धुराचे दोन धागे होते, एक लांब आणि एक आखूड. तिने ते पाहिलं आणि बंद केलं. अहवाल तर गेला होता. तेव्हापासून जेवताना, झोपताना, स्कूटीवरून जाताना ते दोन धागे तिच्या डोळ्यांसमोर होते.

आज सोमवार. रविवारच्या नव्या चित्रात आता हे चार कण. आणि येत्या गुरुवारी उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर चौकशी. उर्वशीचा कागद तसाच राहिला, तर खेमसिंगच्या मरणाचा गुन्हा तुळसाबाईवर लागणार होता.

ती केंद्रप्रमुख बाबाराव सरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, उद्या बोरधऱ्याला जाऊन येते."

"आता कायले? अहवाल गेला ना आपला?"

"चार कण पाहायचे आहेत."

सरांनी चष्मा काढला. तिच्या कंत्राटाचा नूतनीकरणाचा अर्ज त्यांच्याच टेबलावर, सहीच्या वाटेवर पडला होता. दोघांनीही तिकडे पाहिलं.

२

"टीरटीरटीर" करत पक्षी अंगावरच आला. उर्वशी दोन पावलं मागे सरली.

"पुढं नका जाऊ, मॅडम," तुळसाबाई म्हणाली. "डोळे फोडन ते. खाली पाहा, चार अंडी हायत."

राखेच्या शेतात मध्येच पऱ्हाटीचे दोन ढीग न जळता उभे होते. त्यांच्यामधल्या उघड्या मातीत, खड्यांसारखीच दिसणारी, ठिपक्यांची चार अंडी होती. भोवतीने फावड्याने ओढलेली हातभर रुंद पट्टी दिसत होती.

"टिटवी?"

"टिटवी. दहाले पेटवा म्हून अंकुर साहेबानं सांगतलं होतं. गावातली समद्यायची जळाली, माहीच राह्यली होती. आमच्यात पेटवायच्या आंधी टिनाचा डबा वाजवत शेताले चक्कर मारतात. ससा, साप, जे असन ते निंघून जावं. मी वाजवत आली तं हे इथं. उडे अन् पुन्हा बसे."

धुऱ्यावर बसलेला तिचा नवरा श्रावण हसला. "मंग काय, मॅडम! मले म्हने फावडं आना. मी घरी जाऊन फावडं आनलं, पट्टी ओढली, बाजूचा पाला झाडला. हिले टिटवीची दया आली, माह्या कमरेची नाही आली."

"तुमची कंबर काय अंडे घालते का?" तुळसाबाई फटकन म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "मॅडम, मले नेलं तं या अंड्यायवर ढोरं पाय देतीन. पंधरा दिवस तरी लागतीन अजून."

उर्वशीने वही उघडली. "मावशी, पेटवलं तेव्हा किती वाजले होते?"

"घड्याळ नाही माह्याजवळ. पन साडेदहाची एसटी गेलती. तिच्या मांगून बऱ्याच येळानं."

"नक्की?"

"एसटीतून शेजारच्या भागीरथानं हात केला मले. तवा माह्या हातात फावडंच होतं."

"गावातले तर सगळे म्हणतात, दहालाच धूर दिसला."

"धूर व्हता! पन माहा नाही. गोडाऊनच्या मांगून निंघत होता. मले वाटलं, जिनिंगवाले कचरा जाळून राह्यले. ते रोजच जाळतात. पोलिसाले सांगतलं, तं तो म्हने, बाई, दुसऱ्यावर ढकलू नको."

गोदामाचं फाटक पलीकडच्या बाजूला, पांदणीकडे, म्हणजे कच्च्या गाडीवाटेकडे होतं. इथून फक्त पाठमोरी काळी भिंत दिसत होती. तुळसाबाई त्या भिंतीकडे बघत राहिली, मग तिने आवाज खाली घेतला.

"अजून एक सांगू का? तुमी शिकेल हा, हसान मले. सरकी जळते तवा तेलाचा वास सुटते. आठ आठ दिवस जात नाही नाकातून. बियाणं झालं तरी ते सरकीच ना? त्या रोजी मी तिथवर धावत गेली. खेमसिंगभाऊले बाहेर ओढाले आमीच होतो. तिथं तेलाचा वासच नव्हता."

"मग कसला होता?"

"नुसता बारदान्याचा. रिकाम्या पोत्यायचा."

३

जिनिंगचे मालक सदाशिवराव गावाच्या पारावर बसलेले होते. आग लागली तेव्हा ते यवतमाळला दातांच्या डॉक्टरकडे होते. सुजलेला गाल अजून उतरला नव्हता आणि त्यांनी तो आपणहून दाखवलाही.

"गोडाऊन माहं, पन कुलूप सरकारचं," ते म्हणाले. "चाबी अन् सील दोन्ही अंकुर साहेबाजवळ. मी फक्त जागा देल्ली. बुधवारी यवतमाळचे साहेब येनार होते पोती मोजाले. मंगळवारीच जळालं. नशीब म्हना."

"काका, चाळीस पोती सरकी जळाली तर वास येतो?"

सदाशिवरावांनी तोंडातली लवंग या गालातून त्या गालात नेली. तीस वर्षं जिनिंगमध्ये घालवलेला माणूस. उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि हा प्रश्न आपण आठवडाभर स्वतःला विचारलेला नाही हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

"यायले पाहिजे," ते हळूच म्हणाले. "बापा रे. यायले पाहिजे होता."

उर्वशी पाराच्या कडेला उभी राहिली आणि पूर्वेकडे पाहू लागली. समोर तुळसाबाईचं शेत आणि त्याच्या बरोबर मागे, त्याच रेषेत, गोदामाचं जळकं छप्पर.

"त्या दिवशी दहाला तुम्हाला इथूनच धूर दिसला का?" पारावरच्या हंसाबाईंना तिने विचारलं.

"हो ना, बाई. दवंडीच देल्ली होती, तुळसीचं दहाले पेटनार म्हून. दहाले धूर निंघाला. आमी म्हन्लं, लागली तुळसी कामाले. कोनी उठलं बी नाही जागेवरून."

"आणि खेमसिंग? तो कुठे होता?"

"इथंच. साहेबानं त्याले च्या आनाले धाडलं होतं. किटली भरून गेला बिचारा, तो गेलाच."

उर्वशीची पेन्सिल थांबली.

"कोणत्या साहेबाने?"

पण हंसाबाई तिच्या खांद्यावरून मागे बघत होत्या. पांढरी सरकारी बोलेरो पाराजवळ येऊन थांबली होती. अंकुरने काच खाली केली आणि मोकळं हसला.

"मॅडम, तुम्ही? अन् मला फोन नाही! चला, नेरपर्यंत सोडतो. एसटीचा काही भरवसा नाही."

नाही म्हणायला तिला एकही कारण सुचलं नाही.

४

गाडी पांदणीला लागली. गोदामाच्या फाटकापासून नेरच्या डांबरी रस्त्यापर्यंत दोन किलोमीटरची ही कच्ची वाट. पावसाळ्यात चिखल, मार्चमध्ये पिठासारखी धूळ.

"काय मग, शेत पाहिलं?" अंकुरने विचारलं.

"पाहिलं. अहवालाला जोडायला फोटो लागतात."

"जोडा, जोडा. बाई गरीब आहे हो, मलाही वाईट वाटतं. पण माणूस मेला ना." त्याचा आवाज मऊ होता. "मीच पहिला पोचलो त्या दिवशी. नेरहून याच पांदणीने येत होतो. समोर धूर पाहिला अन् चालत्या गाडीतून अग्निशमनला फोन लावला. दहा पन्नासला. त्यांच्याकडे नोंद आहे."

"दहा पन्नासला तुम्ही पांदणीवर होता."

"इथंच कुठंतरी. गोदामाकडे येत होतो."

"समोरून कुणी जाताना दिसलं? एखादी गाडी?"

"कोणी म्हणजे कोणी नाही. पांदणीवर मी एकटा. म्हणून तर म्हणतो, गोदामाजवळ दुसरं कोणी नव्हतंच. आग बाईच्याच शेतातून आली."

उर्वशीने मान हलवली. बारकाईचं चित्र दहा बावन्नचं होतं. त्या चित्रात पांदणीवर एक फिकट पट्टा होता, तो तिला आठवला. वाळलेली वाट म्हणून तिने तो सोडून दिला होता.

तिची नजर बाजूच्या आरशात गेली.

गाडीच्या मागे धूळ उठत होती. चाकांशी ती दोरीसारखी बारीक होती. पन्नास पावलं मागे ती फुगली होती. आणखी मागे, जिथून ते निघाले होते तिथे, वाऱ्याने तिला वाटेवरून ढकलून शेतावर पसरवलं होतं.

नवी धूळ बारीक. जुनी धूळ पसरलेली. बारीक टोक जिकडे, गाडी तिकडे.

चित्रातल्या पट्ट्याचं बारीक टोक कुठे होतं? तिने डोळे मिटले. गोदामाकडे की डांबरी रस्त्याकडे? आठवेना. 

"मॅडम, काहून गप्प झाल्या?"

"गाडी लागते मला."

"काच उघडा." तो तिच्याकडे बघत होता, रस्त्याकडे नाही. "गुरुवारी येणारच ना तुम्ही? नुसतं हो म्हणायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आणि हो, तुमच्या कंत्राटाचं बाबाराव सर सांगत होते. वरती आमच्या साहेबांची ओळख आहे. काळजी करू नका."

काच उघडताच धूळ आत आली आणि उर्वशीच्या दातांखाली करकरली.

५

"बसा आधी. पाणी प्या," बाबाराव सर म्हणाले. केंद्र बंद व्हायची वेळ झाली होती.

उर्वशी बसली नाही. तिने दोन चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली.

"सर, पहिली चूक माझी. लाल ठिपका म्हणजे आगीची जागा नसते. तो पावणेचारशे मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो. त्या चौकोनात शेतही येतं आणि गोदामही. मला हे माहीत होतं. घाईत मी ठिपक्यालाच आगीची जागा समजले."

"पुढे?"

"त्या सकाळी दोन उपग्रह गेले. साडेदहाचं चित्र धूसर आहे, पण धुराचं पुढचं टोक दिसतं. ते गोदामापासून पाच किलोमीटरवर आहे. दहा बावन्नच्या चित्रात तेच टोक नऊ किलोमीटरवर. बावीस मिनिटांत चार किलोमीटर. म्हणजे वारा ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास."

सरांनी कागदावर आकडा मांडला. "मग नऊ किलोमीटर जायला एकोणपन्नास मिनिटं."

"म्हणजे हा लांब धूर दहा वाजून तीन मिनिटांनी निघाला. आता त्याचं मूळ बघा." तिने बोट ठेवलं. "गोदाम. आणि हा दुसरा, आखूड धागा शेतातून निघतो. दीड किलोमीटर. आठ मिनिटांचा. तुळसाबाईने दहा चव्वेचाळीसला पेटवलं. एसटी गेल्यानंतर. ती सांगते तसंच."

"वारा सारखा नसतो, उर्वशी. पाच-सात मिनिटं इकडेतिकडे होतील."

"होतील. चाळीस होणार नाहीत."

सरांनी चित्राकडे पुन्हा पाहिलं. खाली रस्त्यावर एक ऑटो बराच वेळ हॉर्न वाजवत राहिला.

"आणि हा पट्टा?"

"धूळ. गोदामाकडे पसरलेली, डांबरी रस्त्याकडे बारीक. दहा बावन्नला पांदणीवरची गाडी गोदामाकडे येत नव्हती. तिथून निघून जात होती. आणि पांदणीवर आपण एकटेच होतो, हे अंकुरने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय."

मग तिने बाकीचं सांगितलं, घाई न करता, एकामागून एक. पोती आधीच गोदामातून गेली होती. म्हणून तेलाचा वास नाही. बुधवारी मोजणी होती. म्हणून मंगळवारी आग. किल्ली एकाकडेच. दहाची वेळ त्यानेच ठरवून दिलेली, गावात तशी दवंडीही झालेली, म्हणजे दहाला दिसणारा धूर तुळसाबाईचाच, असं गाव डोळे झाकून मानणार. त्याने चौकीदाराला चहाला पाठवलं आणि ठरल्या वेळी आग लावली.

"पण शेतात धूर निघेना," ती म्हणाली. "ती डबा वाजवत फिरत होती, आणि तिला टिटवी दिसली. तो गोदामाच्या आडून शेताकडे बघत थांबून राहिला. तिची आग दिसल्याशिवाय त्याला फोन करता येत नव्हता. चाळीस मिनिटं, सर. मध्येच खेमसिंग किटली घेऊन परत आला. आत चाळीस पोती आहेत असं त्याला वाटत होतं. रिकामं गोदाम वाचवायला तो आगीत शिरला. आणि तरीही याने फोन केला नाही. शेतातून धूर निघाला, तेव्हाच केला."

बाबाराव सरांनी कंत्राटाचा अर्ज उचलला, न वाचताच परत ठेवला.

"पोती कुठे गेली, आग कुणी लावली, ते पोलीस शोधतील. तो तुमचा विषय नाही. तुमचा विषय एक कागद आहे. तो मागे घेतला, तर ह्या केंद्राचा यापुढचा प्रत्येक कागद लोक उलटून बघतील. अन् तुमचं नाव पहिलं निघेल यादीतून. मी अडवू शकणार नाही."

"माहीत आहे."

"मग काय ठरवलं?"

उर्वशीने पडद्यावरच्या दोन धाग्यांकडे पाहिलं. गुरुवारपासून तिला हाच प्रश्न पडला होता, आणि तेव्हा तर खेमसिंग जिवंत होता. तेव्हाच तिने चित्र बंद केलं नसतं, तर निदान त्याला कुणीतरी विचारलं असतं, की भाऊ, तुला चहाला कुणी धाडलं होतं?

६

गुरुवारी उपविभागीय अधिकारी साहेबांच्या दालनात पंखा फिरत होता, तरी सगळ्यांच्या कपाळावर घाम होता. पोलीस निरीक्षक खिडकीशी. अंकुर समोरच्या खुर्चीत, मांडीवर फाईल. तुळसाबाई आणि श्रावण भिंतीला टेकून उभे. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

उर्वशी आत येताना तुळसाबाई तिच्या कानाशी कुजबुजली होती, "टिटवी बसूनच हाय, मॅडम. भागीरथाले सांगून आली, ढोरं येऊ देऊ नको म्हून. मी नसली तं."

अंकुरने पारावरच्या चाळीस लोकांचे जबाब वाचून दाखवले. दहाला धूर दिसला, सगळ्यांनी पाहिला, सगळे एकच सांगत होते. कुणी खोटं बोललेलं नव्हतं. उर्वशीला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटली. चाळीस खरी माणसं, आणि चाळीसांचीही एकच चूक. तिचा कागद त्यांच्यावरचा एक्केचाळिसावा होता.

"आणि हा शास्त्रीय अहवाल," साहेबांनी कागद वर धरला. "आगीचा उगम, सदर शेत. मॅडम, सही तुमचीच ना?"

"हो, साहेब."

"ठीक. मग हे कायम समजून मी पुढे लिहितो."

त्यांनी पेन उघडलं. अंकुरने फाईल मिटली. निरीक्षकांनी भिंतीकडे पाहिलं, आणि तुळसाबाईने पदर घट्ट धरला. ती कुणाकडेच बघत नव्हती. ओठ हलत होते; बहुतेक दिवस मोजत होती, टिटवीचे.

उर्वशीच्या पिशवीत दोन चित्रं होती, एक मोजपट्टी होती, मिनिटांचा हिशोब मांडलेला एक कागद होता. चित्रं तर गेल्या गुरुवारपासून तिच्याजवळ होती. फक्त आवाज नव्हता.

पेन कागदाला टेकलं.

ती उभी राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज दालनात फार मोठा झाला.

"कायम नाही, साहेब," ती म्हणाली. "तो अहवाल चुकीचा आहे. चूक माझी आहे, आणि मी तो मागे घेते."